सागरकिनाऱ्यावरील विद्यार्थी आणि शिष्यवृत्तीची वाट

१९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत जो विद्यार्थी सर्वप्रथम आला, तो आपल्याच जिल्ह्याचा होता. चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे त्याचे नाव. महाडनजीकच्या नाते या गावी १८९६ साली जन्मलेल्या आणि रोह्यास बालपण घालविलेल्या या मुलाने त्याच परीक्षेत संस्कृत विषयाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही पटकावली. पुढे केंब्रिजचे शिक्षण, १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेत प्रथम क्रमांक, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, असा त्यांचा जीवनक्रम सर्वपरिचित आहे. त्या काळी हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात असे. रायगड हे नाव त्यास १ जानेवारी १९८१ पासून लाभले.

या थोर पुरुषाचा दाखला शाळाशाळांतून दिला जातो, आणि तो द्यावाही. परंतु त्याची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. चिंतामणरावांचे वडील वकील होते. कोणती परीक्षा केव्हा असते, तिचा अर्ज कोठे करावयाचा, त्यापुढे कोणते महाविद्यालय, हे सांगणारे माणूस घरात होते. आज उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन व म्हसळा या तालुक्यांतील ज्या घरांतून मुले माध्यमिक शाळेत येतात, त्यांपैकी बहुसंख्य घरांत असे माणूस नाही. वडील मासेमारीच्या नौकेवर, आई मासळीबाजारात. किंवा वडील मुंबईस नोकरीला आणि आई नारळ-सुपारीच्या वाडीत. किंवा दोघेही वीटभट्टीवर. बुद्धी येथे कमी नाही. शासनाच्या योजनाही कमी नाहीत. उणीव आहे ती या दोहोंची वेळेवर गाठ घालून देणाऱ्या माणसाची. आणि गावपातळीवर तो माणूस म्हणजे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व तालुक्याचा कर्मचारी यांखेरीज दुसरा कोण असणार? प्रस्तुत लेख त्यांच्यासाठीच आहे.

आरंभ आठवीपासून

पुढील शिक्षणाचा विचार बारावीचा निकाल हाती आल्यावर करावयाचा, अशी आपल्याकडे रीत पडून गेली आहे. वस्तुतः पैशाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची संधी इयत्ता आठवीतच येऊन जाते. ती म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा. केंद्र शासनाने २००८ साली सुरू केलेल्या या योजनेत देशभरातून दरवर्षी एक लाख विद्यार्थी निवडले जातात. महाराष्ट्राच्या वाट्यास त्यांपैकी ११,६८२ शिष्यवृत्त्या येतात. आरंभी दरमहा ५०० रुपये असलेली रक्कम २०१७ पासून वर्षाला १२,००० रुपये झाली. ती नववी ते बारावी अशी चार वर्षे मिळते. म्हणजे एकूण ४८,००० रुपये. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा अधिक नसावे आणि सातवीत ५५ टक्के गुण असावेत, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांस त्यात पाच टक्के सवलत, एवढ्याच तिच्या मुख्य अटी आहेत.

परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे ही संस्था घेते. बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय यांच्या प्रत्येकी ९० प्रश्नांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. निवड जिल्हानिहाय होत असल्याने मुरूडच्या मुलीची स्पर्धा पुण्याच्या शिकवणी वर्गांतील मुलांशी नसते, ती आपल्याच जिल्ह्यातील मुलांशी असते. ही गोष्ट पालकांस आवर्जून सांगण्याजोगी आहे, कारण ‘आपल्या मुलांचा काय निभाव लागणार’ या समजुतीनेच कित्येक शाळा निम्म्या वर्गालाही परीक्षेस बसवीत नाहीत.

ही शिष्यवृत्ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुलांसाठी आहे. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय विद्यालय व सैनिकी शाळा यांतील विद्यार्थी तीस पात्र नाहीत. त्यामुळे दहावीनंतर एखाद्या विद्यार्थ्याने विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात नाव घातले, तर उरलेल्या दोन वर्षांच्या २४,००० रुपयांवर पाणी सोडावे लागते. प्रवेश घेतेवेळी ही गोष्ट सांगावयास कोणी नसते. दहावीस ६० टक्के गुण (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५५) मिळविणे आणि प्रत्येक वर्षी पहिल्याच प्रयत्नात वरच्या वर्गात जाणे, याही अटी आहेत.

त्याहून महत्त्वाची बाब पुढेच आहे. गुणवत्ता यादीत नाव लागले म्हणजे पैसे सुरू झाले असे नव्हे. नववीत गेल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर विद्यार्थ्याचा नवा अर्ज भरावा लागतो, शाळेने व जिल्ह्याने तो तपासून पुढे पाठवावा लागतो, आणि त्यानंतर दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. पहिल्या वर्षीचा अर्ज राहिला तर चारही वर्षांचा लाभ जातो. आठवीपर्यंतच शाळा असलेल्या गावांत हा धोका विशेष. मूल नववीला दुसऱ्या गावच्या हायस्कुलात जाते. जुनी शाळा म्हणते, आता तो आमचा विद्यार्थी नाही. नव्या शाळेस त्याची निवड झाल्याचे ठाऊकच नसते. आठवीच्या वर्गशिक्षकाने शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबत निवडीचे पत्रही नव्या मुख्याध्यापकांकडे पोहोचविले, तर हा घोळ टळेल.

याच परीक्षेस जोडून आणखी एक तरतूद आहे, ती आपल्या जिल्ह्यात फारच थोड्यांस ज्ञात दिसते. परीक्षेत उत्तीर्ण होऊनही गुणवत्ता यादीत स्थान न मिळालेल्या मराठा, कुणबी, मराठा-कुणबी व कुणबी-मराठा विद्यार्थ्यांस पुण्याच्या ‘सारथी’ संस्थेमार्फत छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती दिली जाते. दरमहा ८०० रुपयांप्रमाणे वर्षाला ९,६०० रुपये, तेही नववी ते बारावीपर्यंत. म्हसळा व श्रीवर्धन तालुक्यांच्या डोंगराळ भागात कुणबी समाजाची वस्ती मोठी आहे. ‘नंबर लागला नाही’ म्हणून निकालपत्र गुंडाळून ठेवणाऱ्या तेथील पालकांना हे कोणी सांगावयास हवे.

शाळांच्या फलकांवरील जुन्या याद्याही एकदा तपासून पाहाव्यात. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ साली स्थगित झाली, तरी तिची माहिती अद्याप काही भिंतींवर रंगविलेली आढळते. अल्पसंख्याक समाजासाठीची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२ मध्ये पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी बंद झाली. राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी व सातवीस होत. २०१६-१७ पासून त्या पाचवी व आठवीस होऊ लागल्या. आणि इयत्तांचा हा प्रश्न त्यानंतरही पुन्हा विचारात घेतला गेला आहे. तेव्हा भिंतीवरील रंगापेक्षा परीक्षा परिषदेची चालू वर्षाची अधिसूचना प्रमाण मानणे इष्ट.

जून-जुलैचा पेच

पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिकी नौकांना मासेमारीची बंदी असते. हा मत्स्यप्रजननाचा काळ असल्याने बंदी योग्यच आहे, आणि जुन्या नाखवांनी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी शाकारून ठेवण्याची जी चाल पाळली तिच्याशी ती जुळणारीही आहे. पण नेमक्या याच दोन महिन्यांत दहावी-बारावीनंतरचे प्रवेश होतात. ज्या घरात ऑगस्टपर्यंत रोख पैसा येणार नाही, त्या घराकडे जूनमध्ये प्रवेश शुल्क, वसतिगृहाची अनामत, पुस्तके व प्रवासखर्च यांची मागणी येते. शिष्यवृत्तीची रक्कम तर वर्ष सरत आले तरी अनेकदा हाती पडलेली नसते. परिणामी मुलगा एक वर्ष ‘थांबतो’, नौकेवर जाऊ लागतो, आणि पुन्हा वर्गात दिसत नाही. मुलीच्या बाबतीत थांबणे म्हणजे बहुधा लग्नच ठरणे.

या पेचावर उपाय आहेत, मात्र ते आधी माहीत असले पाहिजेत. मागासवर्गीय व अन्य पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी शिकवणी शुल्काची पूर्ण रक्कम मागू नये, अशा सूचना शासनाने महाविद्यालयांना वेळोवेळी दिल्या आहेत. पालक त्यांचा उल्लेखही करीत नाहीत, कारण त्यांस त्या ठाऊक नसतात. प्रवेशाच्या दिवशी गावातील एखादा शिक्षक सोबत गेला तर संभाषणाचा सूर बदलतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

मुलींसाठी तर २०२४ साली फार मोठा निर्णय झाला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या मुलींच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्यात आले. पूर्वी ही सवलत निम्मी होती. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यकीय, कृषी अशा अनेक शाखा तिच्या कक्षेत येतात. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशास किंवा खाजगी व अभिमत विद्यापीठांस ही सवलत लागू नाही. एखादा मध्यस्थ ‘थेट जागा मिळवून देतो’ म्हणून घरी येतो तेव्हा तो हे सांगत नाही. आगरी, भंडारी, माळी, कुणबी अशा इतर मागास वर्गातील शेकडो मुली या किनाऱ्यावर दरवर्षी बारावी होतात. त्यांच्या आईवडिलांसाठी हा शासननिर्णय सोप्या मराठीत लिहून शाळेच्या दारात लावावा.

शिकवणी शुल्क सुटले तरी राहण्या-जेवण्याचा खर्च उरतोच. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि इतर मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. या योजनांचा गाभा एकच: वसतिगृहाऐवजी निर्वाहाची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात. पहिल्या दोन योजना २०१६-१७ पासूनच्या आहेत, तिसरी अलीकडची. वसतिगृहासाठी रीतसर अर्ज करणे ही यांची पहिली पायरी होय. ‘जागा मिळणारच नाही’ म्हणून जो अर्जच करीत नाही, तो या लाभासही मुकतो.

दाखल्यांचे प्रकरण

शिष्यवृत्तीची चर्चा करावयाची आणि दाखल्यांविषयी मौन पाळावयाचे, हे आमच्या मते अर्धवट मार्गदर्शन होय. गुण असूनही अर्ज नामंजूर झाल्याच्या बहुतेक प्रकरणांचे मूळ एखाद्या कागदात सापडते.

पहिली गोष्ट नावाची. शाळेच्या जनरल रजिस्टरात एक आडनाव, आधारपत्रावर दुसरे, बँकेत तिसरे, असे किनाऱ्यावर सर्रास घडते. एकाच कुटुंबात कोणी ‘पाटील’ लावतो, कोणी ‘नाखवा’. कोकणी मुसलमान कुटुंबांत वडिलांचे नाव व आडनाव यांचा क्रम प्रत्येक कागदावर निराळा असतो. यंत्रास हे समजत नाही. अक्षर न अक्षर जुळले नाही तर ते अर्ज परत पाठविते. शाळेच्या नोंदीतील नाव वा जन्मतारीख यांची दुरुस्ती विद्यार्थी शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत विहित पद्धतीने होऊ शकते. दहावीचे प्रमाणपत्र एकदा छापून आले की ते काम कित्येक पटींनी अवघड होते. म्हणून ही तपासणी नववीत व्हावी. आधारपत्राची आणखी एक मेख अशी की वयाची पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे, डोळ्यांची नोंद व छायाचित्र नव्याने द्यावे लागते. हे वय नेमके दहावीच्या सुमारास येते. ते राहून गेल्यास पुढे ओळख पटण्यात अडथळा येतो.

बँक खात्याचेही तसेच. शासनाची रक्कम खातेक्रमांकावर नव्हे, तर आधारशी जोडलेल्या खात्यावर जाते. मुलाच्या नावे दोन खाती असतील तर जे शेवटी आधारशी जोडले गेले तेथे ती जमा होते, आणि घरचे लोक मात्र जुन्या पासबुकात नोंद शोधीत बसतात.

दुसरी आणि खरी कठीण गोष्ट जातीच्या दाखल्याची व त्याच्या पडताळणीची. जातीचे प्रमाणपत्र प्रांत अधिकारी देतात; व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी त्यापुढे वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जमातींखेरीज इतर प्रवर्गांसाठी ते जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. अनुसूचित जमातींसाठी स्वतंत्र तपासणी समिती आहे. हा सारा व्यवहार २००१ च्या २३ व्या महाराष्ट्र अधिनियमानुसार चालतो. यात पुरावा कोणत्या तारखेपूर्वीचा हवा ते ठरलेले आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आज सतरा वर्षांच्या मुलीस आपल्या आजोबांचा, प्रसंगी पणजोबांचा शाळेतील वा महसुली दप्तरातील उतारा आणावा लागतो. आजोबा शाळेतच गेले नसतील तर? मग चुलत आजोबांचा, जन्म-मृत्यूच्या नोंदीचा, जमिनीच्या जुन्या उताऱ्याचा शोध सुरू होतो. हा शोध बारावीच्या निकालानंतर पंधरवड्यात पुरा होत नाही. अकरावीत प्रवेश घेताच त्यास लागले पाहिजे.

कोळी समाजाच्या बाबतीत आणखी एक नाजूक मुद्दा आहे. किनाऱ्यावरील कोळी समाजाचा समावेश राज्याच्या विशेष मागास प्रवर्गात होतो, तर महादेव कोळी, मल्हार कोळी, टोकरे कोळी या अनुसूचित जमाती आहेत. शाळेत नाव घालताना घाईने झालेली एखादी चुकीची नोंद पुढे समितीसमोर मुलाच्या आड येते. प्रवेशाच्या दिवशी वहीत काय लिहिले जाते याकडे पहिलीच्या शिक्षकाने जितके लक्ष द्यावे तितके थोडे. विशेष मागास प्रवर्गात असल्याने कोळी मुलांना नागपूरच्या ‘महाज्योती’ संस्थेच्या योजनाही खुल्या आहेत. दहावीनंतर विज्ञान शाखेत गेलेल्या इतर मागास, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना ही संस्था वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांचे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते, आणि त्यासाठी टॅबही पुरविते.

कातकरी बांधवांची अडचण सर्वांत मोठी. राज्यातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी कातकरी हा एक. दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळसाभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडी परततात. जी मुले वर्षातील सहा महिने गावातच नसतात, त्यांची नोंद तरी कोठे सापडणार? नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान जनमन अभियानात आधारपत्र, जातीचा दाखला, बँक खाते यांसाठी शिबिरे भरविण्यावर भर देण्यात आला. पेणचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय हे या कामाचे जिल्ह्यातील केंद्र. शिबिराची तारीख ठरविताना मात्र स्थलांतराचे वेळापत्रक समोर ठेवावे. फेब्रुवारीत भरविलेले शिबिर कातकरी वाडीत ओस पडते, जून-जुलैत भरविलेले भरते.

उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र व उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र हे त्यामानाने सोपे कागद आहेत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये यांपैकी प्रत्येकास कालमर्यादा आहे आणि ती पाळली न गेल्यास अपिलाची तरतूदही आहे. निकाल लागताच सेतू केंद्रांवर रांगा लागतात, दर्शक पडदा हलत नाही, विद्युतपुरवठा खंडित होतो. हेच कागद एप्रिलमध्ये, परीक्षा संपताच काढले तर तहसील कार्यालयासही ते सोयीचे जाते.

अर्ज भरल्यावरही काम संपत नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरले जातात, तेथून ते प्रथम महाविद्यालयाच्या आणि मग संबंधित खात्याच्या तपासणीस जातात. महाविद्यालयाच्या पातळीवर अडकलेला अर्ज विद्यार्थ्यास ‘भरला आहे’ असाच वाटत राहतो. महिन्यातून एकदा त्याची स्थिती पाहण्याची सवय लावावी. त्रुटी दाखवून परत आलेल्या अर्जास मुदत थोडी असते.

पुढे कोठे जावे

अकरावीची प्रवेश प्रक्रिया २०२५-२६ पासून सबंध राज्यात ऑनलाइन झाली. त्यापूर्वी मुंबई-पुण्यासारख्या महानगरांपुरती असलेली ही पद्धत आता दिवेआगर व बोर्ली पंचतन यांसही लागू आहे. पसंतीक्रम भरताना गावातली मुले ओळखीची दोन नावे लिहून थांबतात. बसचा मार्ग, अनुदानित तुकडी आणि विषय या तिन्ही गोष्टी ताडून संपूर्ण यादी भरावी.

मात्र अकरावी हीच एक वाट नव्हे. पेणच्या शासकीय तंत्रनिकेतनात दहावीनंतर तीन वर्षांची पदविका होते आणि ती धारण करणाऱ्यास अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून दोन वर्षांचा व्यवसाय अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यास पदविकेच्या दुसऱ्या वर्षात जाता येते. म्हणजे जोडारी वा वीजतंत्री होऊन पुढे अभियंता होण्याचा मार्ग बंद नाही. फक्त तो लांबचा आहे. थळचा खतकारखाना, न्हावाशेव्याचे बंदर व त्याभोवतीचे उद्योग यांत १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमानुसार विद्यावेतनासह प्रशिक्षण घेता येते. घरातील पहिला मिळवता मुलगा असेल तर ही वाट पदवीपेक्षा अधिक शहाणपणाची ठरू शकते, असे आम्हांस वाटते.

जिल्ह्यातच लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१-२२ मध्ये शंभर जागांनिशी सुरू झाले. रत्नागिरीनजीक शिरगाव येथे १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. बारावी विज्ञान शाखेनंतर चार वर्षांची मत्स्यशास्त्राची पदवी तेथे मिळते. समुद्राशी पिढ्यान् पिढ्या नाते असलेल्या आपल्या कोळीवाड्यांतून तेथे जाणाऱ्यांची संख्या वाढावी, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. सहज आठवले म्हणून सांगतो: अलिबागची भूचुंबकीय वेधशाळा १९०४ पासून काम करीत आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांमुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील नोंदी बिघडणार, म्हणून ती येथे आणली गेली. शतकाहून अधिक काळ शास्त्रज्ञ जेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मोजमाप करीत आले, त्या आवारावरून रोज शाळेत जाणाऱ्या किती मुलांना आत काय चालते याची कल्पना असेल? मुख्याध्यापकांनी परवानगी काढून एक सहल तेथे न्यावी. भौतिकशास्त्र शिकून पोट भरता येते, हे पुस्तकापेक्षा तेथे लवकर पटेल.

व्यापारी जहाजांवरील नोकरीचे आकर्षण या किनाऱ्यावर जुने आहे. दहावीनंतरचे खलाशी प्रशिक्षण चांगले आहे, परंतु ते केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेतूनच घेतलेले असावे. मान्यताप्राप्त संस्थांची यादी महासंचालनालय प्रसिद्ध करते. ती न पाहता दलालास लाख-दोन लाख रुपये देऊन पोळलेली घरे किनाऱ्यावर आहेत, आणि त्यासाठी विकलेली दागदागिने वा होडी परत आलेली नाही.

बारावीस चांगले गुण मिळवून साध्या पदवी महाविद्यालयात जाणाऱ्यांसाठी केंद्राची एक शिष्यवृत्ती आहे, तीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. आपल्या मंडळाच्या बारावी परीक्षेत वरच्या वीस टक्क्यांत असणाऱ्या आणि साडेचार लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असणाऱ्या विद्यार्थ्यास पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरसाल १२,००० रुपये मिळतात. देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या असून निम्म्या मुलींसाठी राखीव आहेत. विज्ञान, वाणिज्य व कला यांच्यात त्या तीन, दोन व एक या प्रमाणात वाटल्या जातात. शिष्यवृत्ती म्हणजे विज्ञानवाल्यांचीच, असे समजणाऱ्या कला शाखेच्या मुलांनी याची नोंद घ्यावी.

ग्रामपंचायतीचा वाटा

१ मे रोजी गावोगाव ग्रामसभा होते. निकाल, प्रवेश व मासेमारी बंदी या तिन्ही गोष्टी त्यानंतर महिनाभराच्या आसपास येतात. त्या सभेत यंदा गावातून दहावी-बारावीला किती मुले आहेत आणि त्यांपैकी कोणाचे कोणते दाखले अपुरे आहेत, एवढा एक विषय घेतला तरी पुष्कळ काम होईल. यादी मुख्याध्यापकांनी द्यावी, तलाठी व ग्रामपंचायतीचे अधिकारी सभेस असतातच. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी आणि पंधरा टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करावयाची असते. नियमांच्या चौकटीत राहून तिच्यातून गरजू मुलींना साहाय्य करता येईल काय, याचा विचार पंचायत समितीच्या सल्ल्याने व्हावा. दिघीच्या मुलीस एका कागदासाठी तरीने आगरदांड्यास आणि तेथून बसने अलिबागला जाऊन यावे लागते. त्यात घरातील एका माणसाचा दिवस आणि रोजगार जातो. चार मुलींचे कागद एकत्र घेऊन एकाच माणसाने जावे, अशी व्यवस्था करण्यास कोणत्याही शासननिर्णयाची गरज नाही.

शेवटी जुन्या शाळांच्या दप्तराविषयी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आले, तेव्हा घरांबरोबर अनेक शाळांचीही छपरे उडाली. छप्पर नवे घालता येते. १९५० पूर्वीचे जनरल रजिस्टर भिजून गेले तर त्यातील प्रत्येक नावाच्या नातवंडांचा पुरावा जातो. खाऱ्या, दमट हवेत हा कागद एरवीही झिजतोच. अशी रजिस्टरे ज्या शाळांत आहेत त्यांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या संमतीने त्यांची पानन् पान छायाचित्रे काढून एक प्रत शाळेत व एक पंचायत समितीत ठेवावी, मूळ वह्या जमिनीपासून उंच, लोखंडी कपाटात कापडात बांधून ठेवाव्यात, आणि हे काम पावसाळ्यापूर्वी, मे महिन्याच्या सुट्टीतच उरकावे.